सातपूरचे निवृत्त टर्नर, वाढलेली साखर आणि दोन जुने मित्र

हे प्रकरण कोण्या एका माणसाचे नाही. नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतून निवृत्त झालेल्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या पुरुषांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारे तपशील एकत्र करून ते बांधले आहे. तपासण्यांचे आकडेही त्याच अर्थाने नमुन्याचे आहेत. संशोधनाचे म्हणून दिलेले आकडे मात्र प्रसिद्ध अभ्यासांमधले आहेत.

परिस्थिती

गृहस्थांचे वय ६६. सातपूरच्या एका कारखान्यात ३४ वर्षे टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावरचे कामगार. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी पत्नीच्या आजारपणात सातपूर कॉलनीतले तळमजल्याचे घर विकले आणि पाथर्डी फाट्याजवळ लिफ्ट असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पत्नीला जाऊन १४ महिने झाले. एकुलता मुलगा पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. मधुमेह ११ वर्षांपासून, रक्तदाब सात वर्षांपासून.

तीन महिन्यांत ते नऊ वेळा दवाखान्यात आले, आणि दर वेळी तक्रार वेगळी. कधी छातीत धडधड, कधी पाय जड, कधी गॅस, कधी ‘अंगात त्राणच नाही’. ईसीजी ठीक. थायरॉइड ठीक. एक गोष्ट आधी रिसेप्शनवरच्या बाईंच्या लक्षात आली: नंबर पुकारला की हे गृहस्थ मागच्याला पुढे जाऊ देत आणि शेवटपर्यंत बाकावर बसून राहत. हे निरीक्षण केसपेपरवर लिहून ठेवण्याजोगे होते. वारंवार येणारा, दर वेळी नवे दुखणे सांगणारा आणि घाई नसलेला रुग्ण औषधाइतकाच माणसांसाठी येत असू शकतो. अशा वेळी ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठवणे ही सर्वांत मोठी चूक. त्याला काहीतरी झालेले असतेच, फक्त ते ईसीजीच्या पट्टीवर दिसत नाही.

आकडे असे होते: उपाशीपोटी साखर १७८, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ९.१, रक्तदाब १५४/९२, सहा महिन्यांत वजन चार किलो कमी, जीवनसत्त्व बी-१२ थोडे कमी. मधुमेहावरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-१२ घटू शकते, म्हणून अशा थकव्यात ते तपासायलाच हवे. चालू औषधे: मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम सकाळी, रक्तदाबासाठी अम्लोडिपिन ५.

औषध वाढवण्याआधी

साखर इतकी वर असली की ग्लिमेपिराइड १ वरून २ करणे हा सरळ मार्ग वाटतो. इथे तो धोक्याचा होता, आणि ते कळले गोळ्या मोजल्यावर. महिन्याच्या साठ मेटफॉर्मिनपैकी तेहतीस शिल्लक होत्या. सकाळची गोळी बहुतेक दिवस घेतली जात होती, रात्रीची जवळपास कधीच नाही. कारण विचारल्यावर उत्तर आले, ‘ती जेवणानंतरची आहे ना? मग जेवलोच नाही तर?’

म्हणून आदल्या दिवसाची तासातासाने नोंद घेतली. पहाटे साडेचारला जाग. साखरेचा चहा, चार खारी. टीव्ही. अकराला मेसचा डबा. त्यातली एक पोळी आणि थोडी भाजी खायची, बाकीचे संध्याकाळसाठी झाकून ठेवायचे. संध्याकाळी ते गरम करायचा कंटाळा, मग पुन्हा चहा आणि टोस्ट. नऊला मुलाचा व्हिडिओ कॉल: ‘बाबा, जेवलात का?’ ‘हो, जेवलो.’ टीव्ही चालू ठेवूनच झोप, एकला जाग, मग तळमळ.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही हे ते औषध पाहत नाही. अर्धपोटी राहणाऱ्या माणसाचा डोस वाढवला तर साखर अचानक खाली येऊन घाम, थरथर, भोवळ आणि पडणे असा प्रकार होऊ शकतो. घरात दुसरे कोणी नसेल तर वेळेला साखर-पाणी द्यायलाही कोणी नसते. म्हणजे इथे एकटेपणामुळे साखर वाढलीच होती, शिवाय त्याच एकटेपणामुळे ती उतरवण्याचे नेहमीचे औषधही जोखमीचे झाले होते. डोस होता तिथेच ठेवला, बी-१२ च्या गोळ्या सुरू केल्या आणि धडधड होईल तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर बघून वहीत लिहायला सांगितले.

मग विचारले, ‘गेल्या तीन दिवसांत कोणाकोणाशी बोललात?’ वॉचमन, डबा आणणारा मुलगा आणि फोनवर मुलगा. सगळे मिळून वीस मिनिटे भरली नसती.

मोजमाप

एकटे राहणे आणि एकटे वाटणे वेगळे. चार पिढ्यांच्या वाड्यात राहूनही एकाकी असलेली माणसे आहेत, आणि एकटी राहून आनंदात असलेलीही. त्यामुळे अंदाज न बांधता विचारावे. यूसीएलए एकाकीपणा मापनाची तीन प्रश्नांची छोटी आवृत्ती दवाखान्यात दोन मिनिटांत होते: सोबत नाही असे किती वेळा वाटते, आपल्याला बाजूला ठेवले गेले असे किती वेळा वाटते, आणि इतरांपासून तुटलो असे किती वेळा वाटते. ‘क्वचित’ला १, ‘कधी कधी’ला २, ‘बऱ्याचदा’ला ३. एकूण ३ ते ९. या गृहस्थांचे ८ आले.

सोबत नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी घेतली. तिचे गुण ० ते २७ असतात, १० किंवा अधिक आले की पुढची पावले उचलावी लागतात. इथे १३ आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तो लाजून गाळायचा नाही आणि गुळमुळीतही विचारायचा नाही. त्यांचे उत्तर होते, ‘करून घेणार काही नाही, पण जगून तरी काय करायचंय असं मनात येतं.’ त्यामुळे त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे समुपदेशन सुरू झाले आणि चार आठवड्यांनी औषधाची गरज पुन्हा पाहायचे ठरले. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवला. पुढे मैत्रीबद्दल जे लिहिले आहे ते या उपचारासोबतचे आहे, त्याच्या बदल्यातले नाही. नैराश्याच्या माणसाला नुसते ‘मित्रांना भेट, बरे वाटेल’ म्हणणे म्हणजे त्याच्याकडे नसलेले बळ त्याच्याकडे मागणे.

मित्र नसल्याने साखर का वाढते

या विषयात आता भरपूर पुरावा आहे. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यात ६,९२८ प्रौढांवर नऊ वर्षे लक्ष ठेवून बर्कमन आणि साइम यांनी १९७९ मध्ये दाखवले की ज्यांचे सामाजिक संबंध अगदी तुटपुंजे होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक संबंध असलेल्यांच्या तुलनेत पुरुषांत २.३ पट आणि स्त्रियांत २.८ पट होते. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास, म्हणजे तीन लाखांहून अधिक माणसे एकत्र पाहिली. संबंध भक्कम असलेल्यांची जगण्याची शक्यता सरासरी साडेसात वर्षांच्या काळात ५० टक्क्यांनी जास्त निघाली. २०१६ च्या एका एकत्रित विश्लेषणात संबंध कमकुवत असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका २९ टक्के आणि पक्षाघाताचा ३२ टक्के अधिक आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांमागे एक एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे म्हटले आहे.

हे सारे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. आजारी माणूस घरात बसतो म्हणून त्याचे मित्र कमी होतात, असे उलटेही घडते, आणि ते गृहीत धरूनच आकडे वाचावेत. पण शरीरातल्या वाटा बऱ्याच प्रमाणात कळलेल्या आहेत. एकाकी माणसाचे मन सतत सावध राहते. झोप तुटक होते, ताणाची संप्रेरके वर राहतात, रक्तदाब रात्री जितका उतरायला हवा तितका उतरत नाही, शरीरातली सूज वाढते. कॉर्टिसॉल वर राहिले की यकृत जास्त साखर सोडते आणि इन्सुलिनचा प्रभाव घटतो. अपुरी झोपही तेच करते.

त्याहून साधी वाट डब्यातून जाते. जेवायला समोर माणूस नसेल तर जेवण टळते, जेवण टळले की गोळी टळते. बाहेर जायला कारण नसेल तर चालणे थांबते. पायाला जखम झाली तर ‘अरे, लंगडतोस का?’ असे विचारणारा नसल्याने ती पंधरा दिवस तशीच राहते. मधुमेहात हे पंधरा दिवस फार महागात पडतात. आमच्या मते या प्रकरणात साखर चढण्याचा मोठा भाग इथून आला होता, संप्रेरकांतून नाही. आणि म्हणूनच तो दुरुस्त करण्यासारखा होता.

पत्नी गेल्यावर पुरुषाचे मित्र का गळतात, तेही इथेच पाहायला हवे. या पिढीतल्या बऱ्याच घरांत नाती चालवण्याचे काम बाईने केलेले असते. कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाची पंचाहत्तरी, संक्रांतीला कोणाकडे जायचे, दवाखान्यात कोणाला डबा द्यायचा, हे सगळे तिच्या डोक्यात असते. पुरुषाची मैत्री शिफ्ट, कंपनीची बस आणि जेवणाची सुट्टी या तीन ठिकाणी आपोआप चाललेली असते, तिला कधी फोन करून वेळ ठरवावी लागलेली नसते. निवृत्तीने ही तिन्ही ठिकाणे गेली, घर बदलल्याने शेजार गेला, आणि पत्नीच्या जाण्याने नाती चालवणारे माणूस. स्त्रियांचे प्रश्न बहुधा निराळे असतात. त्यांना मैत्रिणी असतात, पण नातवंडे आणि स्वयंपाक सोडून घराबाहेर पडायला मोकळीक नसते. त्यांच्यासाठी मांडणी वेगळी करावी लागेल.

पहिला उपाय फसला

सुरुवातीला सगळे देतात तोच सल्ला दिला गेला: लोकांत मिसळा. घराजवळच्या बागेत ज्येष्ठांचा गट रोज सकाळी जमतो, व्यायाम करतो, हसतो, गप्पा मारतो. ते चार दिवस गेले आणि बंद झाले. गटातल्या एकाचे म्हणणे, ‘गृहस्थ जरा घमेंडखोर वाटले. बोललं तर नुसती मान हलवतात.’

मान हलवत होते, कारण ऐकू येत नव्हते.

लेथ, ग्राइंडर आणि प्रेस यांच्या आवाजात कानाला संरक्षण न लावता तीन दशके काम केले की आतल्या कानातल्या केसपेशी मरतात, आणि त्या परत येत नाहीत. अशा बहिरेपणाची खूण श्रवणचाचणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा म्हणून दिसते. या माणसांना आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. स्वर जाड आणि खालचे असल्याने ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’, ‘ख’ ही वरच्या पट्टीतली व्यंजने हरवतात. शांत खोलीत समोरासमोर बसून बोलणे जमते. म्हणूनच डॉक्टरांच्या केबिनमध्ये हा दोष कळत नाही, मुलाच्या व्हिडिओ कॉलवरही कळत नाही. मोकळ्या बागेत बारा जण एकदम बोलू लागले, शेजारून बस गेली, की सगळ्याचा गलका होतो. मग माणूस दोनदा ‘काय?’ विचारतो, तिसऱ्यांदा हसून वेळ मारून नेतो, आणि नंतर जाणेच सोडतो.

श्रवणचाचणीत दोन्ही कानांत मध्यम प्रमाणाचा दोष निघाला, उजव्या कानात मळही घट्ट बसलेला होता. मळ काढल्यावरच थोडा फरक पडला. डावा कान जरा बरा होता. पुढे ही माहिती उपयोगी पडली. डिमेन्शियावरच्या (स्मृतिभ्रंशावरच्या), लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणे मोजली आहेत, त्यात श्रवणदोषाचा वाटा ७ टक्के आणि उतारवयातल्या सामाजिक तुटलेपणाचा ५ टक्के धरला आहे. इथे एकातून दुसरे निघाले होते.

श्रवणयंत्राचा खर्च मुलाने केला. यंत्र घेतले आणि कपाटात पडले असे फार घरांत होते, त्याचे कारण ते पहिल्याच दिवशी गर्दीत लावले जाते. वर्षांनंतर भांड्यांचा, पंख्याचा, कागदाचा आवाज एकदम आला की माणूस वैतागतो. पहिला आठवडा घरात, शांततेत, दिवसाला दोन-तीन तास. दुसऱ्या आठवड्यात एका माणसाशी बोलताना. मग रस्त्यावर. गटात सर्वांत शेवटी. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे ते काही महिने जातात आणि त्या काळात यंत्राची जुळवणी दोन-तीनदा बदलून घ्यावी लागते. नाशिकच्या पावसाळ्यात दमटपणाने यंत्र बिघडते, त्यामुळे रात्री बॅटरीचे झाकण उघडून सिलिका जेलच्या डबीत ठेवायचे.

यादी

नवे मित्र जोडण्याऐवजी जुने शोधायचे ठरले, आणि त्यामागे हिशेब आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात ओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला सुमारे ५० तास, मित्र व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात असे दिसले. आठवड्याला तीन तास भेट धरली तर नुसत्या जुजबी मैत्रीलाच चार महिने लागतात आणि जिवलग होईपर्यंत सव्वा वर्ष उलटते. ज्याच्यासोबत पंचवीस वर्षे डबा खाल्ला त्याच्याशी सुरुवात शून्यापासून होत नाही.

समुपदेशनाच्या एका बैठकीत वहीचे पान आडवे धरून चार रकाने आखले: नाव, ओळख कुठली, शेवटची भेट कधी, आज कुठे राहतो. कंपनी, कॉलनी आणि गाव मिळून अकरा नावे आली. दोघे वारलेले. तिघे मुलांकडे किंवा गावी गेलेले. दोघांचे नंबर नाहीत. उरले चार. त्यातला एक भांडण होऊन दुरावलेला होता, तो बाजूला ठेवला. अशा वेळी जुनी भांडणे मिटवायला जाणे हे दुबळ्या मनावर जादा ओझे असते. एक जण रोज संध्याकाळी पिणारा होता, त्यालाही तूर्त थांबवले. राहिले दोघे: सातपूर कॉलनीतले फिटर मित्र, आणि सिडकोत राहणारे, स्टोअरमध्ये कामाला असलेले मित्र, ज्यांच्या गुडघ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले होते.

यादीतले चारही जण एकाच व्हॉट्सअ‍ॅप गटात होते. रोज सकाळी फुलांची चित्रे येत-जात होती. प्रत्यक्ष भेट मात्र पत्नीच्या दशक्रियेला झाली ती शेवटची.

पहिला फोन

इथे बहुतेक जण अडतात. इतक्या दिवसांनी फोन करायचा तर काय म्हणून? ‘मला एकटे वाटते’ हे वाक्य या वयाच्या कामगाराच्या तोंडून निघणार नाही, आणि ते काढायला लावूही नये. त्याऐवजी काम शोधायचे, आणि ते खरे असावे. इथे ते तयारच होते: ईपीएस-९५ या कामगारांच्या पेन्शनसाठी दर वर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला. दिल्यापासून वर्षभर तो चालतो आणि या गृहस्थांची मुदत संपत आली होती. डिजिटल जीवन प्रमाणपत्रासाठी कुठे जायचे, सोबत काय न्यायचे, हे फिटर मित्राला विचारायचे ठरले.

फोन समुपदेशकासमोर, स्पीकरवर लावला.

‘अरे, मी बोलतोय. दाखल्याचं काय करायचं रे या वर्षी?’

पलीकडे क्षणभर शांतता, मग, ‘कुठं होतास तू? दोनदा घरी जाऊन आलो सातपूरच्या, तिथं कोणी भलतंच राहतंय. पत्ता तरी द्यायचास!’

आपण कोणाला नको आहोत ही एकाकी माणसाची समजूत बहुधा अशीच चुकीची निघते. एकाकीपणावरच्या उपायांचे क्रिस्टोफर मासी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकत्रित विश्लेषण केले, त्यात नुसत्या भेटीच्या संधी वाढवण्यापेक्षा अशा समजुतींवर काम करणारे उपाय जास्त परिणामकारक दिसले. म्हणून फोनआधी समुपदेशकाने गृहस्थांचा अंदाज लिहून घेतला होता: ‘दोन मिनिटं बोलेल, कामात आहे म्हणेल.’ फोन झाल्यावर तो कागद पुन्हा समोर ठेवला.

आखणी

मंगळवार आणि शनिवार, सकाळी पावणेसात, पांडवलेणीच्या पायथ्याशी. फिटर मित्र स्कूटरवर येतात, गृहस्थ चालत. पहिले तीन आठवडे फक्त पायथ्याच्या सपाट रस्त्यावर अर्धा तास, फाळके स्मारकाच्या बाजूने. चालताना मित्र डाव्या हाताला, कारण डावा कान बरा. खांद्याला खांदा लावून चालण्याचा एक फायदा असा की डोळ्याला डोळा भिडवून बोलावे लागत नाही. पुरुषांना मनातले बोलायला ते सोपे जाते.

निघताना चपला नाहीत, बंद बूट आणि सुती मोजे. खिशात चार ग्लुकोजच्या गोळ्या. उपाशीपोटी नाही, आधी एक केळे किंवा मूठभर फुटाणे. परतल्यावर तळपाय आरशात पाहायचे. चौथ्या आठवड्यापासून त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या, आधी निम्म्या, गुडघे आणि दम पाहून मग लेण्यांपर्यंत. सोबत मित्र असला की चढ कमी वाटतो हे केवळ म्हणण्यापुरते नाही. २००८ मध्ये सिमोन श्नाल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात मित्राशेजारी उभ्या असलेल्यांनी टेकडीचा चढ एकट्यांपेक्षा कमी तीव्र सांगितला, आणि मैत्री जितकी जुनी तितका फरक जास्त होता.

दोन नियम ठरले. निरोप घेण्याआधी पुढची भेट तोंडाने ठरवायची. आणि येता येणार नसेल तर आदल्या रात्री आठच्या आत फोन करायचा, मेसेज नाही.

दुसऱ्या मित्राची व्यवस्था उलटी होती. सिडकोतल्या मित्राला फिजिओथेरपीला नेणारे कोणी नव्हते, सून कामाला जाते. गुरुवारी सकाळी गृहस्थ रिक्षाने त्यांच्याकडे जातात, त्यांना घेऊन जातात, आणि परत आल्यावर दुपारचे जेवण तिथेच करतात. स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधल्या ४२३ वृद्ध जोडप्यांच्या अभ्यासात, पाच वर्षांच्या काळात, इतरांना मदत करणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी होते. नुसती मदत मिळवण्याने तसे दिसले नाही. चौदा महिने ज्याला सगळे ‘सांभाळा स्वतःला’ म्हणत होते त्याची कोणाला तरी गरज लागू लागणे ही या प्रकरणातली सर्वांत गुणकारी गोष्ट ठरली असे आम्हाला वाटते. त्या दिवशी गोळी चुकत नाही, कारण त्या घरात दोघांच्याही गोळ्या ताटाशेजारी ठेवलेल्या असतात.

मुलाचेही काम बदलले. ‘जेवलात का’ या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय उत्तर येत नाही. त्याऐवजी ताट समोर घेऊन साडेसातला कॉल, दोघांनी एकत्र जेवायचे. मेसचा डबा संध्याकाळचा केला, दुपारी भात-वरण किंवा पोहे-उपमा घरी. दोन्ही जेवणे ठरली तशी रात्रीची मेटफॉर्मिनही मार्गी लागली. वडिलांना पुण्याला न्यायचे त्याच्या मनात होते. त्याचा निर्णय सहा महिने पुढे ढकलावा असे सुचवले. मुलगा-सून दिवसभर बाहेर असताना अनोळखी सोसायटीत बसून राहण्यापेक्षा नाशिकमध्ये उरलेले चार धागे जास्त मोलाचे होते.

काय बिघडले

आषाढात सलग पाऊस लागला आणि फिटर मित्र पेरणीसाठी गावी गेले. बारा दिवस भेट नाही. दहाव्या दिवशी मेसचा डबा पुन्हा निम्मा परत जाऊ लागला. म्हणजे सगळा भार एका माणसावर होता. त्यानंतर पावसासाठी जवळच्या मंदिराचा सभामंडप ठरवला आणि फिटर मित्राने आणखी एका जुन्या सोबत्याला शनिवारी आणायला सुरुवात केली. तिघांत बोलणे यंत्र लावून जमते. त्याहून जास्त माणसे अजून नकोत.

फिटर मित्र तंबाखू मळतात. चौथ्या भेटीत चिमूट पुढे आली, आणि बावीस वर्षांपूर्वी सोडलेली तंबाखू गृहस्थांनी घेतली. मैत्रीतून सवयी दोन्ही दिशांना जातात. क्रिस्टाकिस आणि फाउलर यांनी २००८ मध्ये दाखवले की मित्राने धूम्रपान सोडले की दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी घटते. उलटही तितकेच खरे मानून चालावे. मित्रालाच दवाखान्यात बोलावून सरळ सांगितले. त्यांनी डबी स्कूटरच्या डिकीत ठेवायचे कबूल केले. सोडलेली नाही, पण चालताना काढत नाहीत.

मिसळ हा नाशिकमध्ये टाळता न येणारा विषय. दर शनिवारी चालून झाल्यावर मिसळ ठरू लागली. बंदी घातली असती तर भेटच गळाली असती. महिन्यातून एकदा, एक पाव, मटकी जास्त, शेव-फरसाण वेगळे काढून, तर्री बेताची, आणि चहा बिनसाखरेचा, असे ठरले. इतर शनिवारी फुटाणे आणि ताक.

सर्वांत गंभीर प्रकार तिसऱ्या सोबत्याच्या सल्ल्याचा. ‘गोळ्या सोड, ही पावडर घे, माझ्या साडूची साखर आली जाग्यावर.’ मित्राचा शब्द डॉक्टरपेक्षा वजनदार असतो, म्हणून हा धोका मैत्रीसोबतच येतो. गृहस्थांनी तीन दिवस गोळ्या बंद ठेवल्या. वहीत साखर २६० लिहिलेली दिसली तेव्हा कळले. ‘औषध सुरू किंवा बंद करण्याआधी एक फोन दवाखान्याला’ हे वाक्य तेव्हापासून गोळ्यांच्या डबीवर चिकटवलेले आहे.

चोवीस आठवड्यांनी

एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून ती बाराव्या आठवड्याआधी केली नाही. तेव्हा ८.१, चोविसाव्या आठवड्यात ७.४. ग्लिमेपिराइड १ वरच आहे. घरचा रक्तदाब, सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून पहिला दिवस सोडून काढलेली सरासरी, १३६/८४. पीएचक्यू-९ तेरावरून ६, नववा प्रश्न शून्य. यूसीएलए ८ वरून ५. वजन दोन किलो वाढले. दवाखान्यातल्या फेऱ्या तीन महिन्यांत नऊवरून दोन, त्या दोन्ही ठरलेल्या.

याचे श्रेय एकट्या मैत्रीला देता येणार नाही. बी-१२, समुपदेशन, श्रवणयंत्र आणि वेळेवर घेतलेली मेटफॉर्मिन हे सगळे एकत्र काम करत होते, आणि दुःखाला काळही मिळाला. पण यंत्र लावावेसे वाटायला कोणाचे तरी ऐकायचे असावे लागते, आणि गोळी वेळेवर घ्यायला जेवणाची वेळ असावी लागते. ती कारणे मित्रांकडून आली.

झोप अजून पाच तासांच्या पुढे जात नाही, रविवार रिकामा जातो, आणि पत्नीच्या श्राद्धानंतर जेवण आठवडाभर पुन्हा उतरले होते. फिटर मित्राच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. ते काही आठवडे स्कूटर चालवणार नाहीत, त्या काळात गृहस्थांनी सिटीलिंक बसने सातपूरला जायचे, मित्राच्या डोळ्यांत थेंब घालायचे आणि कॉलनीतच फेरी मारायची असे ठरले आहे. पुढची एचबीए१सी त्यानंतर.